उर्सुला ल ग्विन आणि ‘अर्थसी’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उर्सुला ल ग्विन यांच्या अद्भुतरम्य कादंबऱ्या मी शाळेच्या शेवटच्या वर्षांपासून वाचत आले आहे. ज्यांना ज्यांना त्या वाचायला दिल्या, त्यांच्याकडून ठरावीक प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिले. त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. ती अभ्यासकाची नव्हेत, एका उघडउघड पक्षपाती वाचकाची आहेत, एवढे ध्यानात ठेवावे. काही ठिकाणी कथानक सांगितल्याशिवाय मुद्दा मांडता येत नाही. तेथे आरंभीच तशी सूचना दिली आहे.

या लेखिका नेमक्या कोण?

अमेरिकेतील कॅलिफोर्नियात बर्कली येथे २१ ऑक्टोबर १९२९ रोजी त्यांचा जन्म झाला आणि २२ जानेवारी २०१८ रोजी ओरेगन राज्यातील पोर्टलंड येथे, आयुष्याचा मोठा भाग ज्या गावात गेला तेथेच, त्यांचे निधन झाले. वडील आल्फ्रेड क्रोबर हे नामांकित मानववंशशास्त्रज्ञ होते. आई थिओडोरा क्रोबर यांनी इशी या माणसाचे चरित्र लिहिले, ते १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. इशी हा कॅलिफोर्नियातील ‘याही’ नावाच्या आदिवासी समाजाचा अखेरचा माणूस. त्याच्या सगळ्या माणसांचा संहार झाल्यानंतर १९११ मध्ये तो एकटाच गोऱ्यांच्या वस्तीत आला, आणि पुढे १९१६ मध्ये मरेपर्यंत त्याने आपले खरे नाव कोणालाही सांगितले नाही; जगाला ठाऊक असलेले ‘इशी’ हे नाव आल्फ्रेड क्रोबर यांनी दिलेले. ज्या घरात अशा माणसाची आठवण होती, त्या घरातील मुलीने पुढे खरी नावे जिवापाड जपणाऱ्या माणसांचे जग उभे करावे, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. अर्थात हा माझा तर्क आहे.

‘अर्थसी’ हे काय प्रकरण आहे?

ते समुद्रात विखुरलेल्या शेकडो बेटांचे जग आहे. १९६४ मध्ये एका अमेरिकी मासिकात ल ग्विन यांच्या दोन छोट्या कथा आल्या आणि त्यांत या बेटांची पहिली चाहूल लागली. पुढे बर्कलीतील पार्नासस प्रेस या लहानशा प्रकाशनसंस्थेने त्यांच्याकडे थोड्या मोठ्या मुलांसाठी कादंबरी मागितली. गोष्टींतले जादूगार नेहमी पांढऱ्या दाढीचे आणि शहाणे असतात. पण दाढी येण्यापूर्वी ते काय करत होते, कोणाकडून शिकले, शिकताना किती चुकले, हा विचार त्यांच्या मनात आला. त्यांनी आधी मोठ्या कागदावर बेटांचा नकाशा काढला आणि मग त्या नकाशात गोष्ट शोधली. ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले.

नकाशा आधी काढल्याचा गुण पानापानांवर दिसतो. येथील माणसे होड्या बांधतात, जाळी विणतात, शेळ्या राखतात, आणि जहाजावर शिडात वारा भरण्यासाठी पगारी जादूगार ठेवतात. नायक गेड शिक्षण पुरे झाल्यावर एका गरीब बेटावर रुजू होतो. तेथील होडी बांधणाऱ्या कारागिराशी त्याची मैत्री जमते आणि दोघे एकमेकांचे काम शिकू लागतात: कोणत्या फळीला कोणता मंत्र आणि कोणत्या सांध्याला कोणती खीळ. पुढे त्याच कारागिराचे लहान मूल तापाने मरणाच्या दारात जाते आणि त्याला परत आणण्याच्या हट्टापायी गेड जवळजवळ स्वतःच परतत नाही. जादू कितीही मोठी असली तरी ती अशा एखाद्या झोपडीतल्या दुःखाशी येऊन थांबते, ही या मालिकेची रीत आहे.

पुस्तके कोणत्या क्रमाने वाचावीत?

प्रसिद्ध झाली त्याच क्रमाने. ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८), ‘द टूम्ब्ज ऑफ अटुआन’ (१९७१), ‘द फार्देस्ट शोअर’ (१९७२), मग अठरा वर्षांच्या खंडानंतर ‘टेहानू’ (१९९०), आणि २००१ मध्ये ‘टेल्स फ्रॉम अर्थसी’ हा कथासंग्रह व ‘दि अदर विंड’ ही कादंबरी. कथासंग्रहातील काही कथा काळाच्या हिशोबाने पहिल्या कादंबरीच्या कित्येक शतके आधी घडतात, म्हणून काहीजण तेथून आरंभ करू पाहतात. तसे करू नये. त्या कथा आधीच्या पुस्तकांनी गृहीत धरलेल्या गोष्टींना उत्तरे देतात, आणि प्रश्न ठाऊक नसताना उत्तर वाचण्यात हशील नाही.

जादूची शाळा हा प्रकार तर आता सगळ्यांनाच पाठ आहे. यात वेगळे काय?

रोक बेटावरील शाळा १९६८ मधली आहे, म्हणजे हल्लीच्या वाचकांना ठाऊक असलेल्या शाळांपेक्षा कितीतरी जुनी. पण कोण पहिले, हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. खरा फरक शिकवणीत आहे. गेडचा पहिला गुरू ओगियन हा गाँट बेटावरील अबोल माणूस. त्याच्या हाताखाली लागल्यावर पोराला वाटते की आता मंत्रांचा पाऊस पडेल. प्रत्यक्षात दोघे डोंगरातून दिवसेंदिवस चालत राहतात आणि खराखुरा पाऊस येतो. ढगांना दुसऱ्या बेटाकडे हाकलणे गावातल्या साध्या मांत्रिकालाही जमते, मग भूकंप शांत करणारा हा एवढा मोठा जादूगार एका दाट झाडाखाली अंग टाकून मुकाट्याने भिजतो तरी का, हे त्या पोराला कळत नाही. वाटेत एका रोपट्याचे नाव गुरू सांगतो, तेव्हा शिष्य विचारतो की याचा उपयोग काय. त्यावर गुरू त्याला ते रोप सगळ्या ऋतूंत, मुळापासून बीपर्यंत ओळखायला सांगतो आणि उलट विचारतो की तुझा तरी उपयोग काय, आणि माझा?

शक्ती असूनही न वापरणे ही येथे सर्वांत अवघड विद्या आहे. रोकवरचे गुरूही हेच बजावतात: दगडाचा हिरा करता येतो, पण दगड ही मुळात चांगली वस्तू आहे, आणि एक कण बदलला तरी त्याचा तोल जगात दुसरीकडे कुठेतरी जातो. यामागे ताओवादाची, म्हणजे लाओत्झूच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन चिनी तत्त्वविचाराची, बैठक आहे. लाओत्झूच्या ग्रंथाची जुनी प्रत त्यांना लहानपणी वडिलांच्या संग्रहात सापडली. आपल्या अंत्यविधीत त्यातील कोणते भाग वाचावेत याच्या खुणा वडील त्या प्रतीत करून ठेवत, आणि तसे ते वाचलेही गेले. पुढे १९९७ मध्ये ल ग्विन यांनी त्या ग्रंथाचा स्वतःचा इंग्रजी अवतार प्रसिद्ध केला. हे ठाऊक नसले तरी गोष्ट तितकीच रंगते. ठाऊक असले तर ओगियनच्या गप्प बसण्याला आणखी धार येते.

नावाला एवढे महत्त्व कशासाठी?

अर्थसीत प्रत्येक वस्तूला आणि जिवाला एक खरे नाव असते, आणि ते ज्याला कळले त्याचा त्या वस्तूवर अधिकार चालतो. त्यामुळे माणसे खरे नाव लपवतात आणि चारचौघांत वापरायला दुसरे ठेवतात. गेडला सगळे ‘स्पॅरोहॉक’ म्हणतात. त्याचा मित्र वेच शाळा सोडून जाताना आपले खरे नाव त्याच्या कानावर घालतो. त्या वेळी गेड अंगावर व्रण घेऊन, मान खाली घालून, सगळ्यांच्या मागे पडलेला असतो. कोणी विचारलेले नसताना दिलेले ते नाव हा माझ्या लेखी संपूर्ण मालिकेतील मैत्रीचा सर्वांत मोठा क्षण आहे.

नाव काढून घेण्याची गोष्ट त्याहून जिव्हारी लागते. ‘द टूम्ब्ज ऑफ अटुआन’ची नायिका टेनार हिला पाच वर्षांची असताना घरातून उचलून वाळवंटातील देवस्थानात आणतात आणि सहाव्या वर्षी विधिपूर्वक तिचे नाव अनाम देवतांना ‘खाऊ घालतात’. त्यानंतर ती केवळ ‘आर्हा’, म्हणजे गिळली गेलेली. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने मुलीचे नवे नाव कोरण्याची रीत आपल्या घरांतून ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी हे प्रकरण वाचून पाहावे. दोन्ही गोष्टी एकच आहेत असे मी म्हणत नाही. पण गेड जेव्हा भुयारातल्या अंधारात त्या मुलीला तिचे जुने नाव परत देतो, तेव्हा माझ्या दोन मामेबहिणी पुस्तक मिटून बराच वेळ गप्प बसल्या होत्या, आणि त्यांनी ही दोन्ही दृश्ये जोडली होती हे मला विचारावे लागले नाही.

पहिल्या पुस्तकात ना लढाई, ना दुष्ट सम्राट. मग संघर्ष कोणाशी? (कथानक उघड होते)

स्वतःशी, पण हे वाक्य ऐकायला जितके गुळगुळीत वाटते तितके पुस्तकात ते नाही. सोबत शिकणाऱ्या जॅस्परने डिवचल्यावर गेड फुशारकीपोटी मृताला बोलावू पाहतो. जगाला चीर पडते आणि तीतून एक सावली बाहेर येते. तिला परत लोटताना शाळेचा प्रमुख जीव गमावतो. पुढचे अर्धे पुस्तक गेड तिच्यापासून पळतो, आणि जितका पळतो तितकी ती बळावते. अखेर ओगियन सल्ला देतो की आता उलटा फिर, तिचा पाठलाग तू कर. समुद्राच्या टोकाला, जेथे पाणी अचानक वाळू होते, तेथे दोघे समोरासमोर येतात आणि एकाच क्षणी एकमेकांना नाव घेऊन हाक मारतात. दोघांचेही नाव ‘गेड’ असते. तो हरतही नाही आणि जिंकतही नाही, पूर्ण होतो. चौदाव्या-पंधराव्या वर्षी, आपल्यातले काहीतरी लपवण्याजोगे आहे असे वाटण्याच्या वयात, हे वाचायला मिळणे ही मोठी सोय आहे.

मुखपृष्ठावर नायक गोरा दिसतो. तो तसाच आहे का?

मुळीच नाही. गेड तांबूस-तपकिरी वर्णाचा आहे, वेच काळा आहे, आणि गोरे आहेत ते कारगाद बेटांवरचे लुटारू. ल ग्विन यांनी हे जाणूनबुजून केले आणि मुद्दाम उशिरा, ओघात सांगितले, जेणेकरून वाचकाने आधी गेडला जीव लावावा आणि मग त्याचा रंग त्याला कळावा. रूथ रॉबिन्स यांनी केलेल्या पहिल्या आवृत्तीच्या मुखपृष्ठाने हे जपले. त्यानंतरच्या अनेक मुखपृष्ठांनी त्याला गोरा करून टाकले आणि लेखिकेला वर्षानुवर्षे त्याविरुद्ध भांडावे लागले. अद्भुताच्या गोष्टीतला वीर हा आपल्यासारख्या रंगाचाही असू शकतो, हे मला या पुस्तकाने पहिल्यांदा दाखवले. त्याआधी तसे काही खटकलेही नव्हते, याचे आता जास्त आश्चर्य वाटते.

चौथे पुस्तक अनेकांना आवडत नाही. तुमचे मत काय? (कथानक उघड होते)

माझ्या मते ‘टेहानू’ हे या मालिकेतील सर्वांत मोठे पुस्तक आहे, आणि ल ग्विन यांच्यावर माझा जो लोभ आहे त्याचे खरे कारणही तेच आहे.

नाराजी समजण्यासारखी आहे. तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटी गेड जगाचा तोल सावरतो आणि त्यापायी आपली सगळी शक्ती खर्च करून ड्रॅगनच्या पाठीवरून निघून जातो. असा भरजरी शेवट झाल्यावर लोकांना पुढे हवे असते ते नवे साहस. हाती येते ती गाँट बेटावरची एक मध्यमवयीन शेतकरीण. टेनारने मिळालेली थोरवी नाकारून चारचौघींसारखा संसार केला आहे, नवरा वारला आहे, मुले मोठी झाली आहेत, आणि स्वतःच्याच माणसांनी आगीत लोटलेल्या एका पोरीला तिने पदरात घेतले आहे. गेड येतो तो रिकामा होऊन, लाजेने राजाच्या दूतांपासून लपणारा. आणि मग डोंगरावर शेळ्या राखायला जातो. टेनारचा समुद्रावरून परतलेला मुलगा जेवल्यावर भांडी आवरायला नकार देतो. ते बायकांचे काम, असे तो म्हणतो. जो या स्वयंपाकघरात जेवतो त्याचे ते काम, असे ती म्हणते. तो सरळ उठून निघून जातो. वाढवण्यात आपणच कमी पडलो, हे तिला कळते. ड्रॅगन असलेल्या कादंबरीतला हा प्रसंग मला ड्रॅगनांहून अधिक स्मरतो.

पहिल्या तीन पुस्तकांत मोठी जादू ही फक्त पुरुषांची होती. बायकांच्या जादूला कमकुवत आणि दुष्ट ठरवणाऱ्या म्हणी पहिल्याच पुस्तकाच्या आरंभी आहेत. शाळेत मुलगी नव्हती. ल ग्विन यांनी हे जग रचले तेव्हा वीरकथेची जी चौकट वारशाने मिळाली होती तीच वापरली, आणि १९९२ मध्ये ऑक्सफर्ड येथे दिलेल्या व्याख्यानात त्यांनी त्याविषयी मोकळेपणाने सांगितले. एखाद्याने जुनी पुस्तके दुरुस्त करून नव्या आवृत्त्या काढल्या असत्या, किंवा विषयच टाळला असता. त्यांनी एक ओळही न बदलता त्याच जगात परत जाऊन विचारले की हे असे का आहे, आणि याची किंमत कोणी मोजली? २००१ च्या कथासंग्रहात कळते की रोकची शाळा उभारण्यात बायकांचाही हात होता आणि पुढे त्यांना बाहेर काढले गेले. ‘दि अदर विंड’मध्ये तर मृतांच्या कोरड्या प्रदेशाची भिंतच पाडली जाते. पहिल्या पुस्तकांत मृत्यूनंतरचे हे भकास जग सृष्टीचा नियम म्हणून आले होते. शेवटच्या पुस्तकात उघड होते की अमरत्वाच्या हव्यासाने माणसांनीच ते चोरून, कुंपण घालून घेतले होते.

स्वतःच्या लेखनाशी असे वागण्याची ही एकमेव वेळ नव्हे. ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ (१९६९) या कादंबरीत ठरावीक लिंग नसलेल्या माणसांसाठी सरसकट ‘तो’ वापरल्याबद्दल टीका झाली, तेव्हा १९७६ मधील एका निबंधात त्यांनी त्याचे समर्थन केले. दशकभरानंतर मत बदलल्यावर त्यांनी तो निबंध मागे घेतला नाही. जुना मजकूर तसाच ठेवून शेजारी नव्या टिपा छापल्या, जेणेकरून वाचकाला दोन्ही ल ग्विन एकत्र दिसाव्यात. प्रसिद्ध लेखक सहसा आपल्या गाजलेल्या पुस्तकाचे पहारेकरी होतात. या बाईंनी आपल्या पुस्तकाला पन्नास वर्षे उलटे प्रश्न विचारले.

मग त्यांच्यात काही उणे नाहीच का?

आहे. ‘द फार्देस्ट शोअर’चा मधला भाग रेंगाळतो, आणि त्यातील खलनायक कॉब जितका बोलतो तितका कमी भयंकर वाटू लागतो. पहिल्या पुस्तकातील स्त्रिया, गेडची अडाणी मावशी असो वा त्याला भुलवू पाहणारी कपटी सेरेट, या कथेच्या सोयीपुरत्या येतात. ‘टेहानू’मध्येही एक-दोन ठिकाणी पात्रे बोलता बोलता लेखिकेचे म्हणणे मांडू लागतात, आणि ते म्हणणे मला पटत असूनही तेथे कादंबरी थोडी खाली बसते.

मुलांना कोणत्या वयात द्यावे?

पहिले पुस्तक बाराव्या वर्षापासून चालेल, दुसरे त्यानंतर लगेच. ‘टेहानू’ मात्र घाईने देऊ नये. लहान मुलीवरील अत्याचार हा त्याच्या गाभ्याशी आहे आणि तो सौम्य करून सांगितलेला नाही. शिवाय टेनारचा थकवा समजायला स्वतःला थोडे थकावे लागते.

इंग्रजी जड आहे का?

शब्द सोपे आहेत, वाक्ये जुन्या गाथांच्या वळणाची. ल ग्विन लेखनात नादाला फार मानत. नवोदितांसाठी लिहिलेल्या त्यांच्या मार्गदर्शक पुस्तकाची सुरुवातच वाक्य कानाने कसे ऐकावे येथून होते. म्हणून अडखळायला झाले तर मोठ्याने वाचावे. रात्री घरात कोणाला तरी रोज एक प्रकरण वाचून दाखवणे ही या पुस्तकाला सर्वांत मानवणारी पद्धत आहे.

पुस्तकांऐवजी पडद्यावरची रूपांतरे पाहिली तर?

नको. २००४ मधील दूरचित्रवाणी मालिकेत बहुतेक पात्रे गोरी केली गेली आणि ल ग्विन यांनी त्याविरुद्ध जाहीरपणे लिहिले. २००६ मध्ये जपानच्या स्टुडिओ घिबलीने, गोरो मियाझाकी यांच्या दिग्दर्शनाखाली, चित्रपट काढला. त्यातली दृश्ये देखणी आहेत, पण अनेक पुस्तकांचे तुकडे त्यात एकत्र कालवले आहेत आणि दोष एका दुष्टाच्या माथी मारून त्याला मारण्यावर गोष्ट संपते. मूळ लेखिकेने जे कटाक्षाने टाळले, नेमके तेच.

अर्थसी संपल्यावर त्यांचे काय वाचावे?

विज्ञानकथेची आवड असल्यास ‘द डिस्पझेस्ड’ (१९७४): एका ग्रहावर भांडवलशाही आणि त्याच्या चंद्रावर सरकारविरहित समाज, आणि दोहोंमध्ये अडकलेला एक भौतिकशास्त्रज्ञ. अद्भुतच हवे असल्यास ‘गिफ्ट्स’ (२००४) पासून सुरू होणारी तीन पुस्तकांची मालिका घ्यावी; तिच्याकडे लोकांचे विनाकारण दुर्लक्ष होते.

संग्रही ठेवण्यासाठी कोणती आवृत्ती घ्यावी?

‘द बुक्स ऑफ अर्थसी’ हा २०१८ मध्ये निघालेला एकत्रित खंड, चार्ल्स व्हेस यांच्या चित्रांसह. ड्रॅगन कसे दिसावेत यावर चित्रकार आणि लेखिका यांची बरीच देवाणघेवाण झाली होती, आणि गेडचा रंग येथे ठीक आहे. ऑक्सफर्डचे व्याख्यानही त्यात आहे, तसेच ‘फायरलाइट’ ही म्हाताऱ्या गेडच्या अखेरच्या दिवसांची, लेखिकेच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेली कथा आहे. खंड मात्र चांगलाच वजनदार आहे आणि आडवे पडून वाचता येत नाही. प्रवासासाठी पहिली तीन पुस्तके सुटी घ्यावीत, आणि तो घरी मेजावर ठेवावा.